झेंड्याची गुढी

घरावर झेंडा लावायचे नियम मला तोंडपाठ होते. केशरी पट्टा वर, झेंड्यापेक्षा उंच काही नको, त्याला हार नको, त्यावर कसली खूण नको. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेसाठी सगळं घोकलं होतं. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नावही आलं. आता फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती, आणि मला उठता-बसता एकच धास्ती होती. घरातल्या कुणावर एखादी तक्रार झाली की संपलं.

माझ्या वडिलांचा, आबांचा, सारा जन्म पानशेतच्या वरच्या अंगाला शेळ्या राखण्यात गेला. ग्रामपंचायतीनं घरटी एक झेंडा वाटला होता. तो त्यांनी पंधरा ऑगस्टला पहाटेच अंघोळ करून अंगणात उभा केला. कसा, तर पाडव्याला गुढी उभी करतो तसा. गुढीचीच वेळूची काठी, वर पालथा तांब्या, तेरड्याच्या फुलांची माळ आणि पांढऱ्या पट्ट्यावर हळदीकुंकवाची बोटं. मी तेव्हा धावायला गेले होते.

परत आले तर अंगणात एक अनोळखी माणूस मोबाईलवर फोटो काढत होता. धरणाकाठी ज्यांचे शनिवार-रविवारचे बंगले आहेत, त्यांतलाच कुणीतरी. फिरायला म्हणून वर आला असावा.

"राष्ट्रध्वजाला कुंकू? आणि वर भांडं? गुन्हा आहे हा! फोटो पोलिसांकडे जाणार."

आबा हात जोडून उभे होते. "सायब, पूजा केली ओ. गुडीला करतो तशी. दिस मावळायच्या आत उतरवतो की. मदीच कशी उतरवू?"

त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "घर कुणाचं? हा कोण तुझा?"

यादीतल्या माझ्या नावावर लाल रेघ ओढलेली मला दिसायला लागली. मी म्हणाले, "घर माझं. हे आमचे कोणी नाहीत. शेळ्या राखायला ठेवलंय त्यांना."

आबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"व्हय सायब, म्या गडी हाय हितला. ताईसायब घरात नव्हत्या, त्यांची काय चूक न्हाई. काय करायचं ते माजं करा."

अजूनही खरं बोलता आलं असतं. लिहिताना लाज वाटते, पण त्या घडीला मला सुटल्यासारखं वाटलं.

मग मी हुकूम सोडत गेले आणि ते ऐकत गेले. तांब्या काढा, माळ काढा, जमिनीला टेकू देऊ नका. भर सकाळी उभी गुढी उतरवताना त्यांनी आधी तिला नमस्कार केला. मी घडी घातली, वरती चक्र दिसेल अशी, आणि झेंडा दोन्ही तळव्यांवर घेऊन घरात नेला. एवढं पाहून त्या माणसाचा पारा उतरला. "अडाणी माणसं ठेवता, तर जरा शिकवत जा," असं मला बजावून त्यानं माझ्यादेखत फोटो पुसला. आबांनी त्याला प्यायला पाणी दिलं. ते पिऊन तो गेला.

"आबा..." मी कशीबशी म्हणाले.

"बेस केलंस," ते म्हणाले. "नोकरी लई कष्टानं घावलीय." आणि शेळ्या सोडायला गेले. माझा राग मात्र त्यांच्यावरच निघाला. विचारायचं तरी एकदा मला, असं पुटपुटत दिवसभर मी भांडी आपटत होते.

पडताळणी पार पडली, प्रशिक्षणही संपलं. शेवटच्या संचलनाला मी आबांना बोलावून घेतलं. ते नवा पटका बांधून, दोन एसट्या बदलून आले. संचलन सुटल्यावर मी वर्दीतच त्यांच्याकडे पळाले. माझ्या आधी माझी एक मैत्रीण त्यांच्यापाशी पोचली होती. माझं नाव घेऊन ती त्यांना विचारत होती, "काका, तुम्ही तिचे कोण?"

आबांनी मला येताना पाहिलं. माझ्या वर्दीकडे पाहिलं. आणि मी तोंड उघडायच्या आत घाईघाईनं म्हणाले, "कोन न्हाई. तेंच्याकडं शेळ्या राखतो."