उपासाच्या दिवशी घेतलेली गोळी

"मावशी, तुमची शुगर वाढली नव्हती, उतरली होती. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाणं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी सलाईन लावून पडले होते. इतकी वर्षं साखरेशी उभा दावा मांडला आणि तीच कमी पडली म्हणून मी आडवी!

त्या दिवशी संकष्टी होती. गोळी पाण्याबरोबर घेतली तर उपास मोडत नाही, हे आमच्याकडचं शास्त्र. म्हणून शुगरची गोळी घेतली आणि उपाशीपोटी चाकणला कंपनीत पॅकिंगला उभी राहिले. दुपारी हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला. मला वाटलं, पित्त झालं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या कुसुमने धावत जाऊन कॅन्टीनमधून चहा आणला. "घ्या ताई, बिनसाखरेचा हाय. तुमची शुगर म्हाईत हाय मला." बिचारीने मायेने दिला. तो पिऊन मी कोसळले. त्या वेळी साखर हेच औषध होतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

डॉक्टरबाईंनी समजावलं. असं झालं आणि शुद्ध असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासायची, सावरल्यावर जेवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि उपासाआधी गोळीचं डॉक्टरांना विचारायचं.

मग म्हणाल्या, "घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

यजमान वारले, लेक सासरी कोल्हापूरला. चऱ्होलीच्या नव्या सोसायटीत मी एकटीच.

"कुणाकडे तरी चावी देऊन ठेवा," त्या सहज बोलल्या. मला रडूच कोसळलं. चावी द्यावी असं एक नाव आठवेना. मरणाचं भय नव्हतं हो. घरात पडून राहिले तर कुणाला पत्ताही लागणार नाही, याचं होतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या रेश्माशी लिफ्टमध्ये हसण्यापुरती ओळख. घरी आल्यावर मनाचा हिय्या करून तिची बेल वाजवली, सगळं सांगितलं. "काकू, इतके दिवस बोलला का नाहीत?" म्हणत तिने चावी घेतली.

तुम्हीही एकटे राहत असाल तर साखर जवळ ठेवा आणि लाज गिळून एक बेल वाजवा.

हल्ली झोपताना मी दाराला आतून कडी लावत नाही, नुसतं लॅच ओढते. पहिल्या रात्री भीतीने डोळा लागला नाही. आता बाहेरून कुणीतरी आत येऊ शकतं, या विचारानेच झोप लागते.