वेगळं ठेवलेलं नराचं झाड

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. मी सातवी नापास. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, फौजदार म्हणून निवृत्त झालो. कोरोनाच्या पहिल्या वर्षी डब्लिनला, मुलाच्या सँडीफोर्डच्या फ्लॅटात अडकलो. नातवंडं इंग्रजीतून उत्तरं देत. मराठी बोलायला एकच, वरच्या मजल्यावरचा एकटा इंजिनियर, आमच्या जालन्याकडचा. त्याची नोकरी गेली होती. दुपारी आम्ही जिन्यात अंतर ठेवून बसायचो.

खबर नाकानेच दिली. गांजाचा वास मला कुणी शिकवायला नको. सून म्हणाली, "बाबा, इथे कुणीही ओढतं. लक्ष नका देऊ." मी वास धरून वर इंजिनियरकडे गेलो.

गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, त्याला तिकडे हॉट प्रेस म्हणतात. त्यात दिव्याखाली बुटकी झाडं, शेंड्याला पांढरे केस फुटलेली, म्हणजे मादी. काही फांद्यांना लाल दोरा, कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर बायका बांधतात तसा. न्हाणीघरात आणखी एक झाड, गोल कळ्यांचे घोस लागलेलं. नर. आमच्या छाप्यांत नर सापडत नसे, मादीत बी धरू नये म्हणून आधीच उपटलेला असायचा. ओढणारा नर सांभाळत नाही.

"बी धरतोस?"

"हो काका. संकर करतोय. पराग लावलेल्या फांदीला दोरा. कपाशीत फुलातला नर खुडावा लागतो, यात झाडच वेगळं."

"विकणार?"

"नाही."

"मग कशाला रे?"

त्याने एका फांदीचा सैल दोरा नीट केला. "सकाळी उठून बघायला काहीतरी लागतं."

माझा विश्वास बसला. पण गुन्हा तो गुन्हा. म्हटलं, "आजच स्वतःहून हजर हो. कोर्ट तेवढं बघतं."

"व्हिसा जाईल माझा. नाही गेलो तर?"

"मी जाईन."

"आणि इंग्रजी कोण बोलेल तुमचं?" तो हसला.

मी जाणारच, हे त्याने ओळखलं. शेवटी दोघं मिळूनच ठाण्यावर गेलो. काचेपलीकडच्या गार्डाला, म्हणजे तिथल्या पोलिसाला, माझा जबाब त्यानेच इंग्रजीतून सांगितला, स्वतःविरुद्धचा. गार्डाने माझ्याकडे बोट दाखवून काही विचारलं.

"काय म्हणतो?"

"हे कोण, म्हणतो. माझे काका, सांगितलं."

झाडं जप्त झाली. त्याने फ्लॅट सोडला, कुठे गेला कळलं नाही. मुलगा म्हणतो, गप्प बसायला हवं होतं. मला पटत नाही. उद्या पुन्हा तेच करीन. पण नोकरीत गुन्हा उघडकीस आला की संध्याकाळी चहाला चार जण असत. काम चोख झालं तरी ते सांगायला माणूस लागतो, हे मला तिकडे कळलं. आणि माझा तो माणूस मीच ठाण्यावर पोचवून आलो होतो.