साडेपाच कोयत्यांचा फुटबॉल क्लब

दुष्काळात आमच्याकडं सगळं आटतं. विहीर आटते, बोअर आटतं, म्हशीचं दूध आटतं, निवडणूक नसेल तर पुढाऱ्यांचं येणं-जाणंही आटतं. वाढतात ते फक्त किस्से! कारण पेरणी नाही, काढणी नाही, मग माणसानं बसायचं कुठं? स्टँडसमोरच्या हॉटेलात. एका कपात दोघं आणि एका किश्श्यात अख्खं गाव. माझ्याकडं तर डबल माल, कारण मी दूध सोसायटीत क्लार्क होतो आणि वरून आमच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी.

हो, फुटबॉल क्लब. हसू नका. बीड जिल्ह्यात, चौसाळ्याच्या पलीकडं, जिथं प्यायच्या पाण्याची बोंब, तिथं आमचा फुटबॉल क्लब होता आणि त्याला स्वतःचं ग्राउंड होतं.

*

हे खूळ शेख सरांचं. सर हायस्कूलचे ड्रिल मास्तर. तरुणपणी हैदराबादेत फुटबॉल खेळलेले. त्यांनी कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं होतं, की हंगेरी नावाच्या देशात आपल्या केजएवढ्या, पाटोद्याएवढ्या गावांचेसुद्धा क्लब असतात, त्यांना ग्राउंड असतं आणि म्हातारेकोतारे मॅच बघायला जातात.

"हंगेरीत जमतं तर आपल्याला कायकू नै जमणार?" सर विचारायचे.

त्यावर बप्पा म्हणाले, "सर, तिथं ऊस हाय का?"

बप्पा म्हणजे आमचे ऊसतोडीचे मुकादम. निम्म्या गावाची टोळी त्यांच्या शब्दावर उठायची आणि त्यांच्या शब्दावर बसायची. आडवा-उभा सारखाच देह. पुढं तेच आमचे गोलकीपर झाले, कारण ते उभे राहिले की गोल दिसायचाच नाही.

*

क्लब काढायचा तर रजिस्टर करावा लागतो. तो कसा करतात हे कुणालाच माहीत नाही! आम्हाला एकच येत होतं, सहकारी संस्था काढणं. ते आमच्याकडं लहान लेकरालाही येतं. मी दूध सोसायटीचे नियम घेतले आणि जिथं जिथं 'दूध' होतं तिथं 'फुटबॉल' लिहिलं.

झालं काय, की 'सभासदाने रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या घरचा ताजा फुटबॉल संस्थेस घातलाच पाहिजे. फुटबॉलात पाणी आढळल्यास सभासदत्व रद्द होईल.'

तालुक्याच्या साहेबांनी सगळं नीट वाचलं. चष्मा वर करून म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण फॅट तपासायचं मशीन कुठंय?"

सर म्हणाले, "पुढच्या वर्षी घेऊ, साहेब."

"मग हरकत नाही," म्हणून साहेबांनी ठप्पा हाणला.

गावाबाहेरचं गायरान क्लबला मिळालं. अट एकच. दरवर्षी मार्चअखेरपर्यंत तिथं निदान एक मॅच झाली पाहिजे. नाही झाली तर जागा परत. आणि परत म्हणजे कुणाच्या घशात, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन नानासाहेब. संस्था सहकारी म्हटल्यावर ते आमच्या क्लबचेही चेअरमन झालेच, त्यासाठी त्यांना कुणी बोलवावं लागत नाही. त्याच जमिनीकडं बघताना शेख सरांना गोलपोस्ट दिसायचे आणि नानासाहेबांना पेट्रोल पंप.

सरांना ना शेत, ना घर. हयातभर भाड्याच्या खोलीत राहिले. ते ग्राउंड गेलं असतं तर या गावात त्यांचं म्हणावं असं काहीच उरलं नसतं. म्हणून दरवर्षी मार्च लागला की माणूस वाळायला लागायचा.

*

सहकारी संस्थेला संचालक मंडळ लागतं. आमच्या मंडळात अकरा संचालक, म्हणून टीमही तीच. म्हणजे टीम निवडायची ती मतदानानं! दोन पॅनेल पडली. जीपला भोंगे लागले, जेवणावळी उठल्या, दोन भावांत बोलणं बंद झालं. बप्पा गोलकीपर म्हणून बिनविरोध आले. त्यांच्याविरुद्ध फॉर्म कोण भरणार? पुढच्या हंगामाला कारखान्याला जायचं होतं ना!

निकाल असा लागला, की फॉरवर्ड सगळे नानासाहेबांच्या पॅनेलचे आणि डिफेन्स सगळा विरोधकांचा. सेंटर फॉरवर्ड स्वतः नानासाहेब. त्यांनी पळायचं नाही, हे पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं.

पहिल्या मॅचला डिफेन्सनं बॉल अडवला आणि अडवून तिथंच उभा राहिला. सर बाहेरून ओरडतायत, "पास दे, पुढं पास दे!"

आमचा राइट बॅक म्हणाला, "इरोधी पार्टीला बॉल कावून द्यायचा, सर? मतदारांला काय तोंड दाखवू?"

आम्ही सात गोलनं हरलो. पुढच्या सभेत नानासाहेबांनी ठराव मांडला, की हा पराभव मागच्या संचालक मंडळाच्या काळातला समजावा. मागचं मंडळ नव्हतंच. तरी ठराव एकमतानं मंजूर!

*

एकदा नानासाहेबांच्या हस्ते स्पर्धेचं उद्घाटन होतं. हायस्कूलच्या गुरुजींना वाटलं, नव्या वस्तूची पूजा झाली पाहिजे. बॉलला हळद-कुंकू लागलं, हार चढला. उदबत्तीचं घर काही सापडेना, म्हणून कुणीतरी उदबत्ती सरळ बॉलला टेकवून उभी केली.

भाषण रंगात आलं आणि पुस्सऽऽ! तालुक्यातला एकमेव बॉल बसला.

सर डोक्याला हात लावून खाली बसले. नानासाहेब मात्र हलले नाहीत. म्हणाले, "बॉल गेला तरी चालंल, खेळाडूवृत्ती जाता कामा नये!" टाळ्या पडल्या. मग आभार, मग आभारांचे आभार. अंधार पडेपर्यंत कार्यक्रम चालला. पाहुणी टीम जेवून परत गेली. मॅच झालीच नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही!

*

आता खरी अडचण ऐका. दिवाळीच्या तोंडाला आमची निम्मी टीम ऊसतोडीला जायची. क्लबचा सीझन आणि कारखान्याचा सीझन एकच. एका वर्षी सर बॉल काखेत आणि उरलेली टीम सोबत घेऊन एसटीनं थेट उसाच्या फडावर पोचले आणि तिथल्याच एका कॉलेजच्या टीमबरोबर मॅच ठरवली.

रेफरी शहरातला, कडक इस्त्रीचा. त्यानं विचारलं, "तुमचे प्लेअर किती?"

बप्पांनी एकवार नजर फिरवली आणि सांगितलं, "साडेपाच कोयते."

रेफरीला काही कळेना. त्यात बप्पांची तरी काय चूक? नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. जन्मभर माणसं अशीच मोजलेली!

मॅचमध्ये आमच्या दगडूनं समोरच्याला पाय घातला. दगडू म्हणजे आमचा हुकमी एक्का, अनवाणी पळायचा. रेफरीनं लाल कार्ड काढलं. दगडू बाहेर आला तशी त्याची बायको पारू पदर खोचून आत शिरली.

"अहो बाई, कुठं निघालात?"

"त्यांला काढलं न्हवं? मग मी हाय की. काम आडत न्हाई."

रेफरी बप्पांकडं धावला. बप्पांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "साहेब, आमच्यात एकट्याला काढत न्हाईत. काढायचं तर अख्खा कोयता काढा!"

रेफरीनं घाम पुसला आणि पारूलाही लाल कार्ड दाखवलं. खेळायच्या आधीच बाहेर गेलेली दुसरी खेळाडू मी तरी ऐकलेली नाही. नवरा-बायको बांधावर जाऊन भाकरी खात बसले. तिकडं दोघांना मिळून निवांत असा तेवढाच अर्धा तास मिळाला असेल.

*

आम्ही जिंकलेली मॅच एकच. तीही टँकरमुळं.

टँकर ग्राउंडवरच यायचा, आमच्या गोलपाशी. बायका सकाळीच आपापली घागर लाइनीत ठेवून जायच्या. घागर म्हणजे नंबर. ती लाइन त्या दिवशी गोलमधून पलीकडं गेली होती. सरांनी हातापाया पडून पाहिलं, पण घागरीला हात लावायची गावात कुणाची छाती?

शेवटची पाच मिनिटं. आम्ही एक गोलनं पुढं. समोरच्यानं असा शॉट हाणला, की बप्पा एकीकडं आणि बॉल दुसरीकडं. बॉल निघाला गोलमध्ये आणि ठण्णकन सखूमावशीच्या घागरीवर आदळून परत आला! तेवढ्यात मावशी ओरडत मैदानात. "कोन हाय बे त्यो? माझा लंबर गेला तर बघा!" रेफरीनं तिच्याकडं पाहून गोल दिला नाही.

क्लबनं सखूमावशीचा जाहीर सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, नानासाहेबांचं भाषण. मावशीनं श्रीफळ उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याच्यात पानी असतंय न्हवं? मग आजून एक द्या."

*

आणि मग ते वर्ष आलं. दोन पावसाळे कोरडे गेलेले. शेख सर त्याच वर्षी रिटायर होणार होते. नानासाहेबांनी मोका साधला आणि कारखान्याच्या नावानं चारा छावणी मंजूर करून आणली. ठेवली कुठं? आमच्या ग्राउंडवर!

मार्च संपत आला. सर नानासाहेबांकडं गेले, मी सोबत होतो. नानासाहेब कळवळून म्हणाले, "सर, पाय ठिवायला जागा हाय का? मुक्या जनावरांला उठवून मॅच खेळता का आता?"

सरांची मान खाली गेली. कुणाचं जनावर सोडायला त्या माणसाचा जीव धजला नसता. माझी म्हैस तिथंच होती, बप्पांचे बैल तिथंच, दगडूची गाय तिथंच. गोठ्यात न्यावं तर काडी नाही.

पण सर एकदा छावणीत चक्कर मारून आले ते डोळे मोठे करून. छावणी कागदावर खचाखच भरलेली होती. बघायला गेलं तर आमची खरी जनावरं अलीकडच्या अर्ध्यात दाटीवाटीनं उभी आणि पलीकडचं अर्धं ग्राउंड साफ मोकळं! तिथली जनावरं फक्त चाऱ्याच्या हिशोबाला यायची आणि त्यांचा पैसा नानासाहेबांच्या घरी मुक्कामाला जायचा.

मार्चच्या शेवटच्या दिवशी सरांनी शिट्टी मारली. टोळी नुकतीच परतली होती. आमच्याच टीमचे दोन भाग केले आणि मोकळ्या अर्ध्यात मॅच सुरू झाली. सर तर पोरासारखे पळत होते.

आणि धुरळा उडवत जीप आली. छावणी तपासायला तालुक्याचे साहेब! मॅच झाली की नाही, हेही त्यांनीच लिहून न्यायचं होतं. मागून नानासाहेबांची गाडी. शेजारच्या गावात जनावरं कमी भरली म्हणून साहेबांनी आठवड्यापूर्वीच छावणी बंद केली होती. तिथली माणसं गुरं घेऊन भर उन्हात रस्त्याला लागलेली आम्ही पाहिली होती.

साहेबांनी कागद पाहिला, ग्राउंड पाहिलं. "नानासाहेब, या पलीकडच्या अर्ध्यातली जनावरं कुठं आहेत?"

मॅच सोडून पळावं तर ग्राउंड जाणार. मॅच दाखवावी तर तिथं जनावरं नाहीत हे उघडं पडणार, छावणी बंद आणि आमची खरी गुरं उपाशी. नानासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा शेख सरांकडं गयावया करून पाहिलं. सरांच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली.

नानासाहेबांनी घाम पुसला आणि आमच्याकडं बोट केलं. "ही काय, साहेब."

"ही?"

"ही."

"ही जनावरं फुटबॉल खेळतात?"

"सहकारात तयार झालेली हायती, साहेब."

छावणीतून बप्पांच्या बैलांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. बप्पांनी एकदा बैलांकडं पाहिलं, एकदा सरांकडं. मग तो एवढा मोठा मुकादम गोलपोस्टमध्ये हातांवर ओणवा झाला आणि मान वर करून लांब हंबरला. पाठोपाठ दगडू हंबरला. मग राइट बॅक. मग मी. सगळ्यात शेवटी, शिट्टी खिशात ठेवून, शेख सर. अलीकडच्या अर्ध्यातनं खऱ्या जनावरांनी ओ दिली.

साहेबांनी मॅच झाल्याचं लिहिलं, जनावरं पूर्ण असल्याचंही लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि जीपमध्ये बसता बसता म्हणाले,

"चारा जरा वाढवा, नानासाहेब. आवाज फार बारीक येतोय!"