पिवळं झालं की प्यायचं

लिंबाच्या वस्तीवर गिरिधर सोळंकेला कुणी नावानं हाक मारत नसे. तो होता आरोग्यसेवक, पण वस्तीच्या लेखी 'पावडरवाला डॉक्टर'. पंच्याऐंशी साली मंठा तालुक्यातल्या या साठ घरांच्या वस्तीची जबाबदारी त्याच्याकडे आली, तेव्हा दर पावसाळ्यात इथं हगवणीनं दोन-तीन माणसं जायची. प्यायला एकच विहीर, रस्त्याखालच्या उतारावरची. गिरिधर दर मंगळवारी सायकलवर यायचा, बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायचा, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून पोहऱ्यानं ढवळायचा. तासाभरानं काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं की नळी उन्हात धरून बायकांना दाखवायचा.

विहिरीला सगळ्यांत जवळ घर चतुराबाईचं. पहिल्या महिन्यात तिनं त्याची बादलीच लवंडून दिली होती.

"कसला घाण वास मारून राह्यलं पाणी. तुह्या घरच्या रांजणात टाक ना."

"मावशी, वास म्हंजी औषध. पिवळं झालं की प्यायचं, एवढंच ध्यानात ठेवा."

हे त्यानं किती वेळा म्हटलं असेल, त्याची गणती नाही. तीन वर्षांत हगवण थांबली. मग एखाद्या मंगळवारी त्याला उशीर झाला, तर चतुराबाईच रस्त्यावर येऊन उभी राहायची. "आज पिवळं न्हाई करायचं का, डॉक्टर? का सायकल बसली रुसून?" गिरिधरच्या नोकरीतली कमाई ती एवढीच, आणि ती त्याला पुरत होती.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत वस्तीच्या वळणावर टँकर उलटला. कारखान्याच्या भट्टीत जाळायचं काळं, घट्ट तेल होतं त्यात. ड्रायव्हर लंगडत निघून गेला. तेल उताराला लागलं आणि वस्ती घागरी, डबे, पातेली घेऊन धावली. माळवदाच्या तुळयांना वाळवी लागू नये म्हणून जळकं तेल फासायची इथली जुनी रीत. बैलांच्या गोचिडांनाही तेच, गाडीच्या आसालाही तेच. फुकटचं तेल कुणाला नको? चतुराबाईच्या मुलानं, बद्रीनाथनं, एकट्यानं सात डबे भरले.

गिरिधर दुपारी पोचला. लोक वरच्या बाजूला भरण्यात दंग होते आणि तेल खालून नाल्याला लागून चाललं होतं.

"डबे ठेवा खाली. आधी विहिरीच्या वर मातीची पाळ घाला. जल्दी करा."

"घालतो की," बद्रीनाथ म्हणाला. "एवढा डबा भरू द्या."

पाळ घातली तेव्हा विहिरीचा फुटका कठडा ओलांडून तेल आत उतरलं होतं.

गिरिधरनं पिशवीतलं मार्गदर्शिकेचं पुस्तक काढलं. त्यात पटकी होती, कावीळ होती, नारू होता. तेल नव्हतं. मग त्याला एक गोष्ट सुचली. त्यानं घरोघरचा कवडी कापूस, बाजारात कुणी न घेणारा, मागून आणला आणि विहिरीत सोडला. कापूस तरंगला, तेल प्याला, काळा झाला. तीन दिवस लोक टोपल्यांनी तो काढत आणि नवा टाकत होते. चौथ्या दिवशी पाण्यात आभाळ दिसलं. बद्रीनाथ म्हणाला, "मान गये, डॉक्टर." गिरिधर लाजून हसला.

त्यानं पोस्टातून तालुक्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "क्लोरिनेशन करा आणि कळवा." त्यानं दुप्पट पावडर टाकली. नळी पिवळी झाली. सगळ्यांच्या देखत तो आधी स्वतः ओंजळभर पाणी प्याला. चतुराबाईच्या सुनेनं, तारानं, घागर नाकाजवळ नेली.

"ह्याला तेलाचा वास येऊन राह्यला."

"डबल पावडर हाय, तारा. तिचाच वास."

तारानं घागर डोक्यावर घेतली. तिच्यामागं सगळ्यांनी घेतल्या.

बारा-तेरा दिवसांत लोक आरोग्य उपकेंद्रावर येऊ लागले. कुणाला ओकारी, कुणाचं डोकं ठणकतंय, तारा तर तोंडातल्या फोडांनी भाकर गिळू शकत नव्हती. गिरिधर सायकल दामटत विहिरीवर गेला. पाण्यावर पुन्हा रंगीत तवंग होता. उताराची माती तेल प्यालेली होती आणि झऱ्यांतून ते हळूहळू आत येत होतं. पावडर जंतू मारते, आणि तेल म्हणजे जंतू नव्हे. हे त्याला दहावीपासून ठाऊक होतं. नळी पिवळी झाली, ती पावडर पाण्यात शिल्लक होती म्हणून. तेलाबद्दल ती काही सांगतच नव्हती. तरी त्यानं तिच्याकडे बघूनच हो म्हटलं होतं.

त्याच दिवशी त्यानं बाभळीच्या फांद्या तोडून विहिरीचं तोंड बंद केलं. मग अर्जावर अर्ज केले आणि सरकारी पाण्याचा टँकर मिळवला. पाण्याचा नमुना लांबच्या प्रयोगशाळेत पाठवला. सोबतच्या कागदावर ठळक लिहिलं : तेल तपासावे. दीड महिन्यानं अहवाल आला. जंतू आढळले नाहीत, पिण्यास योग्य. तेलाची तपासणी तिथं होतच नव्हती. पण अहवालाची एक प्रत वरही गेली होती. दुसऱ्या आठवड्यात टँकर बंद झाला.

दुसरी विहीर रामरावांच्या शेतात, दीड कोसावर. बायका आठ दिवस गेल्या. नवव्या दिवशी गिरिधर आला, तेव्हा चतुराबाई फांद्या ओढून बाजूला टाकत होती.

"मावशी, थांबा. म्या चुकलो. हे पाणी पिऊ नका."

"तूच पिऊन दाखवलंस ना?"

"तेच चुकलो."

"मंग कवा खरं धरायचं तुहं? तवा का आता?" ती काटा टोचलेलं बोट तोंडात धरून म्हणाली. "सरकारी कागद म्हणतो बराबर हाय. नळी म्हणते बराबर हाय. एकटा तूच न्हाई म्हणतो. दीड कोस तू चाल मंग डोक्यावर घागर घेऊन."

गिरिधर खरंच चालला. दोन मंगळवार त्यानं सायकलला कॅन बांधून रामरावांच्या विहिरीचं पाणी ताराच्या घरी पोचवलं. साठ घरांना ते कुठं पुरणार? तिसऱ्या मंगळवारी तारानंच सांगितलं, "नका आणत जाऊ भाऊजी. बाकीच्या बाया बोलतात."

पुढची चार वर्षं तो सांगत राहिला. ताराच्या तोंडातले फोड जात आणि परत येत. हातांची कातडी सोलून निघायची. तेलानंच का, हे लिहून द्यायला कोणताच डॉक्टर तयार नव्हता; गिरिधरजवळही पुरावा नव्हता. विहिरीला पाणी चढलं की पावसाळ्यात तवंग वर यायचा. बायका घागरीच्या बुडानं तो बाजूला सारून पाणी भरायच्या. दर मंगळवारी पावडर मात्र टाकावीच लागे. ती थांबवली, तर हगवण परत आली असती.

अठ्ठ्याण्णवला त्याची बदली घनसावंगीकडे झाली. शेवटच्या मंगळवारी त्यानं पावडर टाकली आणि तास झाल्यावर नळी न काढताच पिशवी सायकलला अडकवली. चतुराबाई घागर घेऊन उभीच होती.

"पिवळं न्हाई दाखवलं?"

"त्यानं काही कळत न्हाई, मावशी. चार वर्षं सांगून राह्यलो."

"दाखव तर. लोक थांबलेत."

तिच्यामागं सात-आठ बायका होत्या. हाताला फडकं गुंडाळलेली ताराही होती. गिरिधरनं पिशवी उघडली, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि नळी उन्हात धरली.

"झालं मंग," चतुराबाई म्हणाली, आणि पोहरा आत सोडला.