पाटीवरचं बी

हिंगोलीपासून कळमनुरीपर्यंत आपल्या नावाला माझ्या धाकट्या दिराइतकं जपणारा माणूस झाला नसेल. आणि नाव म्हणजे आईबापांनी ठेवलेलं नव्हे, हैदराबादेहून परीक्षा देऊन आणलेलं. निजामाच्या राज्यात, उर्दूतून शिकून भाऊजी बी.ए. झाले, आमच्या गोरेगावातले पहिलेच. कष्ट केले होते, यात वाद नाही. पण पदवी कॉलेजात शोभते, पंगतीत नव्हे, हे त्यांना पटत नसे. "दादा, भात?" विचारलं की मान हलवायचे, "बी.ए., भात?" म्हटलं की दोनदा घ्यायचे. सत्यनारायणाच्या संकल्पात गोत्रानंतर बी.ए. घाला म्हणून अडून बसले, तेव्हा भटजी म्हणाले, "देव कुठं कॉलेजात गेला, भाऊ? त्याला गोत्र सांगा, तेवढं बराबर कळतं." जाऊबाईंची मात्र सोय झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, "बी.ए. जेवले का?" एवढ्यावर काम भागायचं. गाव त्यांना 'धाकले मालक'च म्हणायचं, आणि ते त्यांना खरोखर लागायचं. "वहिनी, एकदा तरी कुणी आपणहून म्हणावं," असं माझ्यापाशी बोलून दाखवायचे.

शेवटी त्यांनी दारावर पाटी लावली. रंगाऱ्यानं नाव बारीक काढलं, पदवी ठळक काढली आणि मधली टिंबं खाल्ली. 'बी ए'. आमच्याकडे बोलताना 'आहे'चं 'ए' होतं, हे भाऊजींच्या ध्यानात आलं नाही. ते स्वतः छापील बोलायचे. बाजाराच्या दिवशी शेजारच्या साखरा गावची एक बाई दारात आली. कुणीतरी तिला पाटी वाचून दाखवली होती.

"बी ए म्हणं?"

भाऊजी टोपी सारखी करत धावले. "होय, मीच."

"जवारीचं ए का तुरीचं?"

"बाई, बी.ए. म्हणजे मी. माणूस."

"मंग तुमालाच पेरू का काय?"

मी आत पदर तोंडाला लावला. ती मात्र हसत नव्हती. "पेरलेलं उगवलं न्हाई, दादा. आज रानात ओल ए, दोन दिसांत वाळंल. सारा बाजार पालथा घातला. बी न्हाई तर पाटी काहून लावली?"

भटजींशी तासभर वाद घालणाऱ्या भाऊजींनी एकदा पाटीकडे पाहिलं. मग आत वळून म्हणाले, "वहिनी, आपल्याकडं राखेत ठेवलेलं बी ए का?"

ए म्हणाले ते! आमची पेरणी उरकली होती. मी गाडगं उतरवलं आणि ज्वारी तिच्या ओच्यात ओतली.

सुगीत ती टोपलीभर कणसं घेऊन आली आणि पाटीखालूनच ओरडली, "बीएवाले दादा, उगवलं!" भाऊजींनी दुरुस्त केलं नाही. त्या सालापासून टपोरी कणसं ते स्वतः निवडून बाजूला काढू लागले. टिंबं घालायला रंगाऱ्याला बोलावू का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. लोकांना वाचता येतंय."

आता निजाम गेला. सेनगावाकडे मराठी शाळा निघाली, तिथे भाऊजी शिकवायला गेले, जाऊबाईही गेल्या. पाटी घेऊन जा म्हटलं, तर म्हणाले, "तिथं ती नुसती शोभेल, वहिनी. इथं तिचं काम ए."

पेरणीच्या दिवसांत माणसं येतात, विचारतात. मी चुलीपासूनच ओरडते, "ए, ए, या!" गाडगी भरलेली आहेत. भात मात्र अजून रोज दोन वाढण्या जास्तच होतो.