बिबट्याच्या उपासाचा वार

शोकसभेत ज्योतीच्या साहेबांनी डोळे पुसत सांगितलं, "मॅडम गेल्या त्या दिवशी बिबट्यानेही अन्नाला तोंड लावलं नाही..." सगळी सभा मुसमुसली. मी मात्र दातओठ खात बसले. ज्योती गेली सोमवारी. सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद, आणि पोट ठीक राहावं म्हणून मांसाहारी जनावरांना उपास. हा वार तिनेच पाळायला लावला होता. बिबट्यापुढे त्या दिवशी कुणी मांस टाकलंच नव्हतं!

ज्योती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, बोरिवलीच्या त्या प्राणिसंग्रहालयात जनावरांची डॉक्टर. फाटक्या तोंडाची. आईवेगळी बिबट्याची पिल्लं वाढवून जंगलात सोडायची, हा तिचा ध्यास. त्यात नियम एकच : पिल्लाला माणसाचा लळा लागता कामा नये. मांस फटीतून सरकवायचं, त्याच्यासमोर बोलायचं नाही. "लाड केलात तर त्याला जन्मठेप," असं ती सगळ्यांवर खेकसायची. आणि हा बिबट्या पिल्लू असताना तापाने फणफणला, खाईना, तेव्हा हीच बया त्याला मांडीवर घेऊन रात्रंदिवस बडबडत बसली. पिल्लू वाचलं, पण माणूस दिसला की धावत यायला लागलं. असं जनावर सोडलं तर वस्तीत शिरणार, मार खाऊन मरणार. मग पिंजरा, कायमचा.

मी मुलुंडला शाळेत शिकवते, दरवर्षी मुलांना तिथे न्यायचे. पिंजऱ्याशी स्टूल टाकून ज्योती सगळं समजवायची. विष्ठेवरून आजार कसा ओळखतात, जंगल कशाला हवं... आणि शेवटी, "हा आत आहे तो माझ्यामुळे." एकदा एका मुलीने विचारलं, "मग त्याला मरू द्यायचं होतं का?"

"हो," ज्योती म्हणाली.

मी भडकले. "अगं, मुलांसमोर असं बोलतात?"

"गोड खोटं सांगायला तू आहेस ना."

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाली, "मी गेल्यावर बघून ये, जेवतो का. माझ्यासाठी उपाशी राहिला ना, तर त्याची पुरतीच वाट लावली मी."

शोकसभेच्या आधीच मी जाऊन आले होते, ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी. त्याने सगळं मांस संपवलं, फरशीसुद्धा चाटली. मग स्टुलापाशी येऊन माझ्याकडे बघत जाळीला गाल घासू लागला. मी कोण त्याची? त्याला कुणीही चाललं असतं. मला हायसं वाटायला हवं होतं, ज्योती... पण मी जाळीवर हात आपटून ओरडले, "मेल्या, एक दिवस तरी तिच्यासाठी उपाशी राहायचं होतंस!"

तो घाबरला नाही. आणखी जवळ आला.