उसण म्हणून सांगितलेलं दुखणं

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि मला बसता येईना. शौचाला गेलो की काच फिरल्यासारखं होई, नंतर तासभर आग. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. तीन तास बाकावर टिकलो नाही तर वर्ष जाणार होतं. पण दुखतं कुठे, हे वडिलांना सांगायचं कसं? मी सांगितलं, कमरेत उसण भरली.

शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात उसणीवर एकच इलाज होता : पायाळू माणसाची लाथ. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. शेजारची काकू तशी होती, आणि अंगानं चांगली भरलेली. वडिलांनी मला ओसरीवर पालथं झोपवलं. काकूनं लुगडं सावरलं, भिंत धरली, पाय उचलला. तो कमरेच्या वीतभर खाली पडला.

मी ओसरीवरून थेट अंगणात.

"काहून रे, हळूच तं लावला पाय," काकू म्हणाली.

"काकू, कंबर नाई दुखत. मले शौचाच्या जागी दुखते."

काकूनं पदर तोंडात कोंबला. आई चुलीपाशी हसू लागली, मग वडीलही.

"मंग आदी सांगाचं ना बाबू," ते डोळे पुसत म्हणाले. "तुह्या आजाले हेच होतं. थो तं साऱ्या बाजाराले सांगे."

दुसऱ्या दिवशी जीपच्या मागच्या पायरीवर उभ्यानं वाशिमला गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, मूळव्याध नाही, चीर पडली आहे. दिवसभर बसून अभ्यास, पाणी कमी, भाकरीवर नुसता ठेचा; शौच कडक होणारच. त्यांनी मलम दिलं. कोमट पाण्यात बसायचं, रात्री इसबगोल, भरपूर पाणी, पालेभाजी, जोर करायचा नाही. रक्त जास्त गेलं किंवा ताप आला तर लगेच यायचं.

मग मी परसात घंगाळात बसून इतिहास वाचू लागलो. आई पाणी बदलायची, काकू कुडापलीकडून तब्येत विचारायची, आणि मी लाजणं सोडून उत्तर द्यायचो. हळूहळू आग कमी झाली.

पेपरला बाकावर अगदी जपून टेकलो. पहिला तास गेला, दुसरा गेला. शेवटची घंटा झाली तरी मी लिहीतच होतो. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि विचारलं, घरी जायचं नाही का? मला उठावंसंच वाटत नव्हतं.